‘करंट कथा गया?’ : नोड पद्धतीची प्रस्तावना

धुळ्याला शिकवायला लागलो त्या वर्षीची गोष्ट. फळ्यावर दोन बॅटऱ्या आणि पाच रोधकांची आकृती काढली होती. मागच्या बाकावरचा, पांझरेकाठच्या एका गावाहून रोज एस.टी.ने येणारा मुलगा उठून म्हणाला, “सर, करंट कथा गया?” वर्ग हसला, कारण वर्गात अहिराणी बोलायची नाही असा एक न लिहिलेला नियम मुलांनी स्वतःच करून घेतला होता. पण प्रश्न अचूक होता. एका तारेतून करंट येतो, पुढे तीन वाटा फुटतात. कोणत्या वाटेनं किती गेला, आणि का? परिपथाचं सगळं शास्त्र या एका प्रश्नापाशी येऊन थांबतं.

त्या दिवशी मी त्याला लूप धरून समीकरणं कशी मांडायची ते सांगितलं. त्यानं वहीत उतरवून घेतलं, परीक्षेत मार्कही मिळवले, पण करंट कुठे गेला हे त्याला कळलं असेल असं मला वाटत नाही. पुढे जळगावला आणि पुन्हा धुळ्याला डिप्लोमाच्या मुलांना शिकवताना हा प्रश्न दर वर्षी वेगळ्या तोंडून ऐकला. त्याचं खरं उत्तर नोड पद्धतीत आहे, असं माझं मत होत गेलं आणि आता ते पक्कं आहे. ही पुस्तिका त्या मतातून लिहिली आहे.

नोड म्हणजे गाठ. दोन किंवा अधिक तारा जिथे एकत्र येतात ती जागा. मराठी पाठ्यपुस्तकांत परिपथ, विद्युतधारा, विभवांतर, रोध हे चांगले शब्द आहेत आणि ते मीही वापरतो. पण वर्कशॉपमध्ये, खांबावर आणि दुकानात माणसं करंट, व्होल्टेज आणि नोड म्हणतात. म्हणून या पुस्तिकेत दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतील.

त्या मुलाच्या गावापासूनच सुरुवात करू. साक्री आणि धुळे तालुक्यांत पांझरेवर जुने बंधारे आहेत आणि त्यांवर चालणारी फड पद्धत काही शतकांची आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या होतात, चाऱ्यांतून पाणी शेतापर्यंत जातं. लाभक्षेत्राचे तीन-चार फड पाडलेले असतात आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी शेतकरी स्वतः घेत नाही. ते पाटकरी देतो, आणि त्याच्यावर गावाच्या पंचांची नजर असते. आता पाटकरी जिथे उभा राहतो ती जागा डोळ्यांपुढे आणा. पाट येतो, दोन चाऱ्या फुटतात. मागून जेवढं पाणी आलं तेवढंच दोन्ही चाऱ्यांत मिळून गेलं पाहिजे. कमी भरलं तर कुठेतरी पाट फुटला आहे किंवा कोणीतरी चोरून बारं दिलं आहे. चाऱ्या जिथे फुटतात त्या जागी पाणी साठून राहत नाही आणि तिथे नवं पाणी तयारही होत नाही. जमा बरोबर खर्च.

नोड पद्धतीचा अर्धा भाग एवढाच आहे. गुस्ताव किरखॉफनं १८४५ साली हा नियम विजेसाठी मांडला तेव्हा तो कोनिग्सबर्ग विद्यापीठात शिकणारा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. नोडमध्ये येणाऱ्या करंटची बेरीज ही बाहेर जाणाऱ्या करंटच्या बेरजेइतकी असते. किरखॉफचं गाव कोणतं, याकडेही विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावं. प्रेगेल नदीवरचे सात पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरून येता येईल का, हा कोडं वाटणारा प्रश्न याच कोनिग्सबर्गचा. १७३६ साली ऑयलरनं तो सोडवताना रस्त्यांची लांबी-रुंदी बाजूला ठेवली आणि फक्त ठिकाणं आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा एवढंच उरवलं. परिपथ काढताना आपणही तेच करतो. तार वाकडी आहे का सरळ, लाल आहे का काळी, याला महत्त्व नाही; कोण कोणाला जोडलेलं आहे याला आहे. ठिकाणं आणि वाटा यांच्या गणिताची सुरुवात एका गावात झाली आणि शंभरेक वर्षांनी त्याच गावातल्या एका विद्यार्थ्यानं ठिकाणांचा जमाखर्च विजेला लावला, हा योगायोग मला फार आवडतो.

भुसावळ जंक्शनचं उदाहरण मुलं हमखास देतात. मुंबईकडून, नागपूरकडून, खंडव्याकडून गाड्या येतात आणि जातात. उदाहरण अर्धं बरोबर आहे. भुसावळच्या यार्डात गाडी रात्रभर उभी राहू शकते. नोडवर करंट क्षणभरही मुक्काम करत नाही. साठवायचं असेल तर त्यासाठी कपॅसिटर नावाचा वेगळा घटक जोडावा लागतो, आणि तोही आकृतीत वाट म्हणूनच येतो, गाठ म्हणून नाही.

जमाखर्च कळला तरी “कोणत्या वाटेनं किती” हे कळत नाही. त्यासाठी दुसरा अर्धा भाग लागतो, आणि पुस्तकं जिथे घाई करतात ती जागा हीच. पाणी कोणत्या चारीत किती जाईल हे पाणी ठरवत नाही, उतार ठरवतो. पांझरेकाठीच याचा एक नामी पुरावा आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले, आणि त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांतलं एक खानदेशात पांझरेच्या पात्रात पाइपचा सायफन बांधण्याचं होतं. सायफनमध्ये पाट नदीपाशी येतो, पाणी पाइपातून पात्राच्या खाली उतरतं आणि पलीकडे पुन्हा वर चढतं. पाणी वर कसं चढलं, असं लहान मूल विचारेल. अलीकडची पातळी पलीकडच्या पातळीपेक्षा उंच आहे, म्हणून. मधली वाट किती खाली गेली याला महत्त्व नाही. दोन टोकांच्या उंचीतला फरक आणि पाइपाचा अडथळा या दोन गोष्टींवर प्रवाह ठरतो. विजेत या उंचीला व्होल्टेज म्हणतात आणि अडथळ्याला रोध. जॉर्ज ओहमनं १८२७ मध्ये छापलेला नियम हेच सांगतो: दोन टोकांच्या व्होल्टेजमधला फरक भागिले रोध म्हणजे करंट.

पाण्याची उपमा इथे सोडायला हवी, कारण पुढे ती दगा देते. पाइपात उंचीचा फरक दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होत नाही, त्याहून बराच कमी वाढतो. रोधकात व्होल्टेजचा फरक दुप्पट केला की करंट बरोबर दुप्पट होतो. या सरळपणामुळेच विजेची समीकरणं साधी बेरीज-वजाबाकीची राहतात आणि दहावीच्या गणितानं सुटतात.

आता पद्धतीचा गाभा. करंटच्या मागे धावू नका. आधी प्रत्येक गाठीची उंची शोधा. उंची कळली की दोन गाठींमधला करंट एका भागाकारात हातात येतो. नव्वद टक्के विद्यार्थ्यांची गाडी अडते ती करंटलाच अज्ञात मानून पाच वाटांचे पाच करंट, त्यांच्या पाच अंदाजी दिशा आणि उणे-अधिकचा गोंधळ अंगावर घेतल्यामुळे. गाठींच्या उंचीला अज्ञात माना, अज्ञातं कमी होतात आणि दिशेचा प्रश्न आपोआप सुटतो.

एक छोटं उदाहरण इथेच करू, कारण नुसतं वाचून ही गोष्ट पटत नाही. २४ व्होल्टचा एक पुरवठा २ ओहमच्या तारेतून एका गाठीला जोडला आहे. त्याच गाठीला १२ व्होल्टची बॅटरी आणखी २ ओहमच्या तारेतून जोडली आहे. गाठीपासून खालच्या सामाईक तारेपर्यंत ८ ओहमचा लोड आहे. सामाईक तारेची उंची शून्य धरू. गाठीच्या उंचीला V म्हणू. आता गाठीवर उभं राहून प्रत्येक शेजाऱ्याकडे बघायचं आणि एकच वाक्य म्हणायचं: माझी उंची वजा त्याची उंची, भागिले मधला रोध. तिन्ही वाटांसाठी हेच म्हणायचं आणि बेरीज शून्य करायची. (V − २४) भागिले २, अधिक (V − १२) भागिले २, अधिक V भागिले ८, बरोबर शून्य. सगळ्याला ८ नं गुणलं की ९V = १४४, म्हणजे V = १६ व्होल्ट.

आता करंट मागा. पुरवठ्याकडे (१६ − २४) भागिले २ म्हणजे उणे ४ अँपिअर. उणे म्हणजे करंट गाठीपासून तिकडे जात नाही, तिकडून गाठीत येतो. लोडमध्ये १६ भागिले ८ म्हणजे २ अँपिअर. आणि बॅटरीकडे (१६ − १२) भागिले २, म्हणजे अधिक २ अँपिअर. अधिक! बॅटरी करंट देत नाही, घेते आहे. ती चार्ज होते आहे. वर्गात हे उदाहरण सोडवण्याआधी मी हात वर करायला सांगतो, आणि जवळजवळ सगळा वर्ग “दोन्ही मिळून लोडला देतात” असं म्हणतो. समीकरणानं कोणाचा अंदाज विचारला नाही, दिशा स्वतः सांगितली.

याच आकृतीत लोड ८ ओहमच्या जागी २ ओहमचा ठेवा. गाठीची उंची बरोबर १२ होते आणि बॅटरी स्वस्थ बसते, तिच्यातून काहीच वाहत नाही. लोड १ ओहमचा करा. उंची ९ वर उतरते, पुरवठा साडेसात अँपिअर देतो आणि आता बॅटरीही दीड अँपिअर देऊन मदतीला येते. बॅटरी तीच, तारा त्याच. लोड बदलला तशी तिची भूमिका घेणाऱ्याकडून देणाऱ्याकडे गेली. घरच्या इन्व्हर्टरपासून शेतातल्या सौर पंपापर्यंत दिवसभर हेच चाललेलं असतं.

समीकरणाकडे जरा थांबून बघितलं तर त्यात एक सुंदर गोष्ट दिसते. रोधाचा उलटा म्हणजे वाहकता. जुन्या पुस्तकांत तिच्या एककाला गमतीनं नव्हे तर रीतसर ‘म्हो’ म्हणत, इंग्रजी ‘ओहम’चीच अक्षरं उलटी. गाठीची उंची म्हणजे तिच्या शेजाऱ्यांच्या उंचीची सरासरी असते, पण साधी नव्हे, वजनांची. आणि ज्याचं वजन जास्त तो वाहकतेनं जास्त जोडलेला. गाठीत स्वतंत्रपणे करंट ओतणारा कोणी नसेल तर ती सर्वांत उंच शेजाऱ्यापेक्षा उंच जाऊ शकत नाही आणि सर्वांत खालच्यापेक्षा खाली उतरू शकत नाही. उत्तर बरोबर आलं का हे तपासायला ही एवढी जाण पुरते. २४, १२ आणि शून्य या शेजाऱ्यांमध्ये कोणाचं उत्तर २७ आलं तर आकडेमोड न बघता ते चुकलं आहे असं सांगता येतं.

ही सरासरी मला पुस्तकात समजली होती. अंगावर आली ती गावच्या घरी. पावसाळी वाऱ्यात खांबावरची न्यूट्रलची तार सुटली आणि काही मिनिटांत आमच्या आळीतले दोन टीव्ही आणि कितीतरी बल्ब गेले. शेजारच्या आळीत मात्र दिवे मिणमिणत होते. लोक म्हणाले, डीपीतून जादा व्होल्टेज आला. डीपीतून जादा काहीच आलं नव्हतं. तीन फेजचा प्रत्येकी २३० व्होल्टचा पुरवठा होता तसाच होता. न्यूट्रलच्या गाठीचा आधार गेला होता.

हिशेब असा. दोनच फेज घेऊ. एका फेजवर १०० वॉटचा बल्ब, दुसऱ्यावर १००० वॉटचा हीटर, दोघांची दुसरी टोकं न्यूट्रलला. न्यूट्रल डीपीशी जोडलेली असते तोवर दोघांना आपापले २३० मिळतात, कोणी कोणाला ओळखतही नाही. न्यूट्रल तुटली की ती मधली गाठ मोकळी होते आणि दोन फेजमधल्या ४०० व्होल्टच्या मध्ये लोंबकळते. हीटरची वाहकता बल्बच्या दहापट, म्हणून गाठ हीटरच्या फेजकडे ओढली जाते. चारशेचे अकरा भाग करा. हीटरच्या वाट्याला एक भाग, म्हणजे सुमारे ३६ व्होल्ट, आणि बल्बच्या वाट्याला दहा भाग, म्हणजे सुमारे ३६४ व्होल्ट. बल्ब फुटतो, हीटर कोमट राहतो. ज्या आळीत कमी लोड होता तिचं नुकसान झालं आणि जिथे जास्त होता तिथे दिवे मिणमिणले. ज्यानं नोडचं एक समीकरण मांडलं आहे त्याला हे आधीच सांगता येतं. वायरमनची पहिली शिकवण “न्यूट्रलला फ्यूज लावायचा नाही” अशी का असते, याचंही उत्तर याच समीकरणात आहे.

इथे शून्य उंचीबद्दल दोन शब्द, कारण याबद्दल गैरसमज फार आहेत. जळगावची उंची सुमारे दोनशे मीटर म्हणतो तेव्हा समुद्रसपाटी शून्य धरलेली असते. आपण दुसरं काही शून्य धरलं असतं, तर सगळ्या गावांचे आकडे बदलले असते. दोन गावांमधला उतार बदलला नसता. नोड पद्धतीत शून्याची गाठ निवडायचं स्वातंत्र्य पूर्ण तुमचं आहे. जिला सगळ्यात जास्त तारा जोडलेल्या आहेत ती निवडा, लिहिणं कमी होतं. ती गाठ जमिनीला जोडलेली असलीच पाहिजे असं नाही. आकृतीतलं शून्य आणि अंगणातलं अर्थिंग या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे वैशाखात, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना, माती कोरडी ठणठणीत होते आणि लोक अर्थिंगच्या खड्ड्यात घागरभर पाणी ओततात. ते योग्यच करतात. कोरड्या मातीचा रोध वाढला की ज्या गाठीला आपण शून्यावर समजत होतो ती शून्यावर राहत नाही. कागदावर शून्य आपण मानतो. जमिनीवर ते राखावं लागतं.

नोड पद्धत निवडण्याचं आणखी एक कारण, जे मला हातानं काम करणाऱ्यांकडून कळलं. मल्टीमीटरचा काळा प्रोब एका जागी ठेवून लाल प्रोब पाहिजे त्या गाठीवर टेकवला की तिची उंची दिसते. काही तोडावं लागत नाही. करंट मोजायचा तर तार तोडून मीटर मध्ये घालावा लागतो, नाहीतर टोंग टेस्टर हवा. जळगावच्या बाजारातला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा जुना कारागीर बोर्डावर एकेका बिंदूचं व्होल्टेज बघत जातो आणि “इथे नऊ पाहिजे होते, चारच आहेत” असं म्हणून दोष पकडतो. तो नोड पद्धतच वापरत असतो, फक्त समीकरणं मीटरकडून सोडवून घेतो. जे सहज मोजता येतं तेच गणितात अज्ञात मानणारी ही पद्धत आहे, आणि म्हणून कागदावरचं उत्तर टेबलावर लगेच पडताळता येतं.

दोन गाठींचं उदाहरण खांबावरून घेऊ. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात किंवा शिरपूर-चोपड्याकडे लांब लाइनच्या शेपटाला पंप असलेला शेतकरी व्होल्टेज कमी मिळतो म्हणून कायम तक्रार करतो. डीपीवर २३० व्होल्ट आहेत असं धरू. डीपीपासून पहिल्या शेतकऱ्यापर्यंत जाण्या-येण्याच्या तारेचा रोध १ ओहम, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत आणखी १ ओहम. पंपांऐवजी साधे रोधक घेऊ: पहिल्याकडे २१ ओहम, शेवटच्याकडे २० ओहम. दोन गाठी, दोन समीकरणं. सोडवलीत की पहिल्याच्या गाठीवर २१० आणि शेवटच्याच्या गाठीवर २०० व्होल्ट येतात. आता पहिल्यानं पंप बंद केला. शेवटच्याकडे काही बदल न होता त्याचा व्होल्टेज २०९ वर चढतो. म्हणजे शेवटच्या शेतकऱ्याचा व्होल्टेज एकट्या त्याचा नाही. लाइनवरच्या प्रत्येकाच्या बटणाशी तो बांधलेला आहे. प्रत्यक्षातली मोटर तर रोधकासारखीही वागत नाही. व्होल्टेज उतरला तरी पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून ती उलट जास्त करंट ओढते, त्यानं तारेतली घट वाढते, व्होल्टेज आणखी उतरतो, आणि वाइंडिंग तापून जळतं. दर उन्हाळ्यात रिवाइंडिंगच्या दुकानांसमोर मोटरींची रांग लागते तिचं गणित हे आहे.

गाठी वाढल्या की समीकरणं तक्त्यात मांडायची. कर्णावर प्रत्येक गाठीला जोडलेल्या सगळ्या वाहकतांची बेरीज, आणि दोन गाठींच्या चौकटीत त्यांच्यामधल्या वाहकतेचं उणे मूल्य. ज्या गाठी थेट जोडलेल्या नाहीत तिथे शून्य. परिपथात नुसते रोधक आणि करंटचे पुरवठे असतील तर हा तक्ता आकृतीकडे बघत थेट लिहिता येतो. लूप पद्धतीत आधी लूप निवडावे लागतात, आणि तारा एकमेकींना ओलांडून जात असतील तर लूप पद्धतीचा ‘मेश’ हा नेहमीचा प्रकार लागूच होत नाही. धुळे शहराच्या गल्ल्या आठवा: गल्ली नंबर एक, दोन, तीन अशा सरळ ओळीत आणि त्यांना कापणारे आडवे बोळ. अशा जाळ्यात चौकोन किती, कोणते मोजायचे, कोणते सोडायचे, यात माणूस हरवतो. चौक मात्र कोणीही बोट ठेवून मोजतो. मी लूप पद्धतीचा शत्रू नाही. मालिकेत जोडलेले व्होल्टेजचे पुरवठे बरेच असतील आणि लूप दोनच असतील तर तीच वापरावी. पण एकच पद्धत पक्की करायची असेल तर नोडची करावी, असं माझं स्पष्ट सांगणं आहे.

संगणकानंही हाच निकाल दिला. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे तयार झालेला आणि १९७३ साली जगापुढे आलेला ‘स्पाइस’ हा परिपथ सोडवणारा प्रोग्रॅम नोड पद्धतीवर उभा होता. दोन गाठींच्या मध्ये थेट व्होल्टेजचा पुरवठा आला की शुद्ध नोड पद्धत अडखळते, कारण त्या पुरवठ्यातला करंट ओहमच्या नियमानं सांगता येत नाही. कागदावर आपण त्या दोन गाठींना एकत्र धरून ‘सुपरनोड’ करतो आणि एकच जमाखर्च लिहितो. स्पाइसच्या पुढच्या आवृत्तीनं तो करंटच आणखी एक अज्ञात म्हणून तक्त्यात घेतला. आज मोबाइलच्या चिपपासून मोटरगाडीच्या सर्किटपर्यंत कोणतीही रचना तयार करण्याआधी याच वाटेनं तपासली जाते.

आणि आपल्या डोळ्यांसमोरचं सर्वांत मोठं जाळं म्हणजे वीजवहनाचं. भुसावळजवळ दीपनगरला ५०० मेगावॉटचे दोन संच वीज ओततात. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. धुळ्याला ७६५ किलोव्होल्टचं उपकेंद्र आहे आणि तिथून एक लाइन छत्रपती संभाजीनगरकडे, दुसरी गुजरातेत वडोदऱ्याकडे जाते. एवढ्या मोठ्या उपकेंद्रालाही कागदावर एक ठिपका आणि एक क्रमांक मिळतो: नोड. कोणत्या लाइनमधून किती वीज जाईल हे कोणी बटण दाबून ठरवत नाही. सगळ्या नोडांच्या व्होल्टेजवरून ते ठरतं. फरक इतकाच की तिथे उंचीबरोबर कोनही मोजावा लागतो, कारण पुरवठा एसी आहे, आणि गाठीत करंट किती येतो हे माहीत नसून पॉवर किती येते ते माहीत असतं, त्यामुळे समीकरणं सरळ राहत नाहीत आणि पुन्हा पुन्हा सुधारत सोडवावी लागतात. सोलापूर-रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी एका तालात आलं. तेव्हापासून आपल्या घरचं बटण आणि कन्याकुमारीची पवनचक्की एकाच तक्त्यात आहेत.

ही पुस्तिका डिप्लोमाच्या आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी आहे, पण आय.टी.आय.च्या वायरमन आणि इलेक्ट्रिशियन ट्रेडची मुलं ती वाचू शकतील असा मी कसोशीनं प्रयत्न केला आहे. अपूर्णांकांची बेरीज आणि दोन अज्ञातांची समीकरणं एवढंच त्यांना लागेल. पहिली चार प्रकरणं डीसीची आहेत. एसीकडे जायची घाई करू नका. उदाहरणं मुद्दाम शेत, घर, खांब आणि दुरुस्तीच्या टेबलावरून घेतली आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी कळकळीनं सांगतो: हा विषय इंग्रजीत लिहिलेला असतो म्हणून अवघड वाटतो, स्वतः तो अवघड नाही. वर्गात अहिराणीत प्रश्न सुचला तर अहिराणीत विचारा. शिक्षकांनाही विनंती आहे, तो प्रश्न ऐका.

पुढच्या पानाकडे वळण्याआधी पेन्सिल हातात घ्या. वरच्या पहिल्या उदाहरणात २४ व्होल्टचा पुरवठा, १२ व्होल्टची बॅटरी आणि २ ओहमच्या दोन तारा आहेत तशाच ठेवा, लोड ४ ओहमचा करा आणि गाठीची उंची काढा. १४.४ व्होल्ट यायला हवेत, आणि बॅटरीत १.२ अँपिअर शिरताना दिसायला हवेत.